बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात, कायदा मालकाच्या

सकाळी साडेसहा-सातला शहरातल्या कुठल्याही सोसायटीबाहेर उभं राहून बघा. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल, असे एकेक जण बाहेर पडतात. कुत्रं फूटपाथच्या कडेने हुंगत जातं, एका जागी दोनदा गोल फिरतं, पाठीची कमान करून बसतं. नेमकी त्याच वेळी मालकाची मान मोबाइलमध्ये जाते. कुत्रं मोकळं होतं, मागच्या पायांनी चार खडे उडवतं, पट्ट्याला हिसका बसतो आणि दोघं पुढे निघतात. मागे जे राहायचं ते राहतं. पंधरा मिनिटांनी तिथूनच मुलं शाळेच्या व्हॅनकडे पळतात. त्यानंतर महापालिकेच्या सफाई कामगार मावशी येतात, आणि कुणाच्या तरी लाडक्या टॉमीचं सगळं त्यांना खराट्याने गोळा करावं लागतं.

ही घाण कुत्र्याची नाही, मालकाची आहे. रस्ता कुणाचा, अंगण कुणाचं, हे कुत्र्याला कळायचं कारण नाही. मालकाला ते चांगलं कळतं, म्हणून तर तो स्वतःच्या इमारतीच्या फाटकात कुत्र्याला बसू देत नाही, पुढच्या इमारतीपर्यंत ओढत नेतो. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींपासून पाळीव जनावराची घाण न उचलणाऱ्याला पाचशे रुपये दंड सांगितला आहे. पुण्यातही दंड आहे. तरी या कारणासाठी पावती फाडलेला माणूस तुमच्या ओळखीत आहे का, आठवून पाहा.

प्रश्न नुसत्या किळसेचा नाही. जंतांचं औषध वेळेवर न दिलेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतात. बागेतल्या मातीत खेळणारं मूल हात न धुता तोंडात घालतं. त्यातून निघालेल्या अळ्या माणसाच्या शरीरात भरकटत जातात, कधी यकृतात, कधी डोळ्यात. एक जुनं वर्तमानपत्र किंवा एक छोटी पिशवी खिशात ठेवली असती तर हे टळलं असतं. एवढं ज्याला जमत नाही, त्याने कुत्रा पाळू नये. हे मी पूर्ण गंभीरपणे म्हणतो.

आता परवान्याचं. कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, हे ऐकून आजही सुशिक्षित माणसांच्या भुवया वर जातात. ‘परवाना कसला? घरातलं लेकरू आहे ते आमचं.’ लेकरू असेल तर उत्तमच. लेकराच्या जन्माची नोंद आपण एकवीस दिवसांत करतोच की! मुंबईत ही तरतूद १८८८ च्या महापालिका कायद्यात आहे. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा कायदा १९४९ चा. महापालिकेला जे कर बसवता येतात त्यांच्या यादीत तिथे कुत्र्यांवरचा कर स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे कुणा साहेबांच्या डोक्यातून काल-परवा निघालेलं हे फॅड नाही. आपले आजोबा-पणजोबा कुत्र्याच्या गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला बांधत होते. आपण गळ्यात चांदीची घंटा बांधतो, नावाचं पदक बांधतो, तो बिल्ला मात्र विसरलो.

परवान्यासाठी मागतात ते काय? राहत्या जागेचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र. यातलं तिसरं महत्त्वाचं. परवाना दरवर्षी नव्याने काढायचा, म्हणून लसही दरवर्षी द्यावीच लागते. शुल्काचा आकडा शहरागणिक बदलतो, पण कुत्र्याच्या एका वेळच्या ग्रूमिंगला आपण त्याहून जास्त मोजतो. इतक्या कमी पैशांत कुत्र्याला पत्ता मिळतो. तो हरवला तर सापडण्याची शक्यता वाढते. कुणाला चावला तर ‘कुणाचा होता, लस झाली होती का’ या प्रश्नाला तासाभरात उत्तर मिळतं. ज्या माणसाला दात लागले आहेत त्याच्यासाठी त्या उत्तराची किंमत मोठी असते.

मुंबईने या ओळखीच्या प्रश्नावरून दंगल पाहिलेली आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता, दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ साली ही मुदत वाढवली, आणि आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी घरांतली, आवारांतली कुत्रीही उचलू लागल्याच्या तक्रारी आल्या. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. ६ जूनला कोटात पारशी मंडळी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा शिधा अडला आणि सरकारला सैन्य बाहेर काढावं लागलं. पाळलेलं कुठलं आणि बेवारस कुठलं हे सांगणारी खूण कुत्र्याच्या अंगावर नसली की पकडायला आलेला माणूस भेद करत नाही. एकशे नव्वदहून अधिक वर्षं झाली, तरी आपल्या घरातल्या बहुसंख्य कुत्र्यांच्या गळ्यात अशी खूण नाही.

‘घाबरू नका, काही करत नाही तो!’

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिन्यात, प्रत्येक लिफ्टमध्ये, प्रत्येक बागेत रोज ऐकू येतं. समोरची सत्तरीतली आजी भिंतीला चिकटून उभी असते, सहा वर्षांची पोर आईच्या कमरेला मिठी मारून रडत असते, जेवणाची पिशवी घेऊन आलेला पोरगा दोन पायऱ्या मागे सरकलेला असतो. आणि मालक पट्टा आखडून धरायचं सोडून हे वाक्य बोलतो. तो तुमच्याशी काही करत नाही, काका. तुम्ही त्याला दोन्ही वेळ खायला घालता. समोरच्या माणसाला तो आज पहिल्यांदा पाहतोय, आणि तो माणूस घाबरलाय हे त्याला तुमच्या आधी कळलंय. भ्यायलेल्या माणसाची समजूत घालणं नंतर. आधी पट्टा आखडा, बाजूला व्हा, लिफ्ट त्यांना जाऊ द्या, तुम्ही पुढच्या फेरीत जा.

कायदा या बाबतीत अजिबात मोघम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतकी काळजी जो जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा कुठल्या जातीचा, किती किलोचा, एरवी किती गुणी, हे त्या कलमात कुठेही विचारलेलं नाही.

जातीवरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींची कुत्री धोकादायक ठरवून त्यांची विक्री, पैदास बंद करायचं परिपत्रक काढलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि माझ्या मते बरं केलं. वाईट वाढवलेला कुठलाही कुत्रा चावतो. जातींच्या यादीत वेळ घालवण्यापेक्षा मालकांची यादी करा, तिचंच नाव परवाना. आणि जी कुत्री बर्फात ओढगाड्या ओढायला घडली, ती नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत एसीच्या खोलीत कोंडून ठेवणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की फोटो छान येतात म्हणून जीव विकत घ्यायचा नसतो. आपल्याकडे कारवानी आहे, पश्मी आहे, आणि दारात येऊन बसणारं साधं गावठी पिल्लू तर आहेच. या मातीत, या उन्हात ती टिकतात.

विकत घेण्याचा भागही बघण्यासारखा आहे. मोबाइलवर जाहिरात येते, ‘पस्तीस दिवसांचं पिल्लू, एकदम हेल्दी, घरपोच’. २०१७ च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी नसलेल्याला पैदास करून विकण्याचा अधिकार नाही. पस्तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे आईच्या कुशीतून ओढून काढलेलं पिल्लू. आई-भावंडांत राहूनच ते चावायचं किती आणि थांबायचं कुठे, हे शिकत असतं. ते शिक्षण अर्धवट तोडून आपण ते घरी आणतो आणि वर्षभराने म्हणतो, ‘हल्ली फार चावरं झालंय’. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागा. नसेल तर तिथून निघा.

याहून दुखरी गोष्ट बाल्कनीतली. चौथ्या मजल्यावर, हातभर साखळीला, पाण्याचं भांडं पालथं पडलेलं, घरातली सगळी नोकरीला. दिवसभर भुंकण्याने शेजारी हैराण होतात आणि तक्रार कुत्र्याची होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये दोन गोष्टी सरळ लिहिल्या आहेत. आखूड किंवा जड साखळीला प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं नाही, तर तोही मालकाचा गुन्हाच. म्हणजे कुत्र्याला फिरायला नेणं ही मालकाची मर्जी नाही, कायद्याने लादलेलं कर्तव्य आहे. आणि शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वीच्या त्या रकमेला आज कुणी घाबरत नाही. हा आकडा बदलला पाहिजे, आणि संसदेत बसलेल्या आपल्या खासदारांना हे विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

त्याच कलमात आणखी एक गुन्हा आहे, प्राणी सोडून देण्याचा. बदली झाली, बाळ झालं, कुत्रं म्हातारं झालं, त्वचेचा रोग झाला, की एका रात्री गाडीत घालून घाटात किंवा महामार्गावरच्या ढाब्यापाशी सोडून यायचं. लॉकडाऊनमध्ये घर भरलेलं होतं म्हणून हौसेने आणलेली कितीतरी पिल्लं ऑफिसं सुरू झाल्यावर अशीच रस्त्यावर आली. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातून खाणं शोधता येत नाही, तिथल्या टोळीशी भांडता येत नाही. बहुतेक मरतात. जी जगतात, ती पिल्लं घालतात. कुत्रीला वर्षातून साधारण दोनदा माज येतो, दोन महिन्यांत पिल्लं होतात, एका वेताला पाच-सहा. नसबंदी न करता मोकळी सोडलेली घरची कुत्री हा भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाला दरवर्षी घातलेला खतपाण्याचा हप्ता आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून बहुतेक कुत्री पुन्हा त्याच जागी सोडायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बस-रेल्वे स्थानकं अशा जागांतून कुत्री हलवण्याचा हुकूम आला. देशभर दोन तट पडले. एका बाजूला खाऊ घालणारे, दुसऱ्या बाजूला चावा घेतलेले. दोघांनीही महापालिकेला झोडपलं, आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लस ही स्थानिक संस्थेचीच जबाबदारी असल्याने ते योग्यच होतं. पण या सगळ्या गदारोळात परवाना न काढलेल्या, नसबंदी न केलेल्या, कुत्रं सोडून दिलेल्या मालकाला कुणी उभंही केलं नाही. आधी त्याला उभं करा.

सोसायट्यांनाही दोन शब्द. ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. ‘लहान कुत्री चालतील, मोठी नाही’ असं म्हणता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. चेअरमन-सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर बंदीचा कागद लावण्यापेक्षा इमारतीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या परवान्याची आणि लसीच्या तारखेची प्रत फाइलला लावून घ्यावी. एका रविवारी पशुवैद्याला बोलावून सगळ्यांच्या कुत्र्यांना एकदम लस टोचून घ्यावी. भांडण कमी होईल, आणि इमारतीतल्या मुलांना संरक्षणही मिळेल.

कारण शेवटी सगळं रेबीजपाशी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी छत्तीस टक्के एकट्या भारतात होतात. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालायचं. आणि तरी हा आजार पूर्ण टाळता येतो. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. तिखट, चुना, हळद, तेल यांतलं काहीही जखमेवर लावायचं नाही. पोटात चौदा इंजेक्शनं ही भीतीही आता सोडा. ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर ठरावीक दिवशी मोजकीच इंजेक्शनं असतात, आणि जखम खोल असेल तर सोबत जखमेच्या जागी सीरम. ‘आपल्याच कुत्र्याने ओरखडलंय, त्याला कुठून रेबीज’ हे वाक्य मात्र जीवघेणं आहे. घरच्या कुत्र्याचा ओरखडाही डॉक्टरला दाखवायचा.

तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याला चावा घेतला तर वाद घालत बसू नका. जखम धुवायला मदत करा, त्याला स्वतः दवाखान्यात न्या, औषधाचा खर्च तुमचा. लसीचं कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा. कुत्रं दहा दिवस घरात बांधून नजरेखाली ठेवा आणि त्यात काही फरक दिसला तर लगेच कळवा. इतकं केलंत तर पोलिसांत जाण्याची वेळ शंभरांतून एखाद्यावर येईल.

गोव्याने हे करून दाखवलं आहे. तिथेही बरीच पाळीव कुत्री मोकळीच हिंडतात, म्हणून लसीकरणाची पथकं घरोघर गेली, रस्त्यारस्त्यावर गेली. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. शाळाशाळांतून मुलांना चावा कसा टाळायचा आणि चावलं तर काय करायचं ते शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. सत्तर टक्के कुत्र्यांना लस पोचली की या विषाणूची साखळी तुटते. गोव्याला जे जमलं ते कोल्हापूर, नाशिक, सोलापूरला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

महापालिकेने यात काय करायचं, तेही सांगतो. परवान्यासाठी माणसाला क्षेत्रीय कार्यालयातून आरोग्य खात्यात आणि तिथून ऑनलाइन अर्जाकडे फिरवू नका. कुत्र्याला लस जिथे टोचली जाते, त्या पशुवैद्याच्या टेबलावरच परवाना द्या. टेबलावर कुत्रं थरथरत उभं असतं, मालक त्याची मान धरून असतो, डॉक्टर कुपीवरचं बॅच नंबरचं छोटं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात, खाली पुढच्या वर्षीची तारीख लिहून शिक्का मारतात. त्याच क्षणी महापालिकेचा बिल्लाही मिळाला तर कोण नाही म्हणेल? नसबंदी केलेल्या आणि रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या कुत्र्यांना शुल्क माफ करा. बागांच्या फाटकाशी विष्ठेसाठी वेगळा डबा ठेवा. आणि सकाळी सातला एक निरीक्षक पावतीपुस्तक घेऊन फिरू द्या. वॉर्डात महिन्याला दहा पावत्या फाटल्या की उरलेल्यांच्या खिशात पिशव्या आपोआप येतील.

पण महापालिका सुधारेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. घरात कुत्रा असेल तर आज ते लसीचं कार्ड शोधून काढा आणि त्यावरची शेवटची तारीख वाचा. वर्ष उलटलं असेल तर या रविवारपर्यंत लस टोचून घ्या, आणि तेच प्रमाणपत्र लावून सोमवारी परवान्याचा अर्ज करा.